भय म्हणजे पश्चात्ताप नव्हे

हायरो बुस्तामांते या ग्वाटेमालाच्या दिग्दर्शकाचा ‘ला योरोना’ (२०१९) हा चित्रपट आम्ही आमच्या महाविद्यालयातील चित्रपट मंडळात दाखवला. एका निवृत्त लष्करी हुकूमशहावर वंशसंहाराचा खटला चालतो, त्याला रात्री एका बाईचे रडणे ऐकू येऊ लागते आणि त्याच्या बंगल्यातले जग हळूहळू ढासळत जाते, अशी ही कथा. चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. आमच्याहून ज्येष्ठ अशा एका सहकाऱ्यांनी समारोप करताना सांगितले की, सत्ता गेल्यानंतर सत्ताधीशाला पोखरणाऱ्या अपराधी मनाचे इतके सूक्ष्म चित्रण अलीकडे पाहिले नव्हते. मॅकबेथची आठवण झाली. अखेर सदसद्विवेकबुद्धी कुणालाच सोडत नाही. सभागृहाने मान डोलावली. आम्ही दोघांनीही डोलावली. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, जनरल रडतो कुठे? त्याला फक्त रडणं ऐकू येतं.” वेळ संपली होती, शिपाई दिवे मालवायच्या तयारीत उभा होता, आणि प्रश्न तसाच राहिला.

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. तो करताना त्या सायंकाळी मान डोलावल्याबद्दल स्वतःलाही जाब विचारणे आम्हांला भाग आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : ‘ला योरोना’ हा माजी सत्ताधीशाच्या अपराधभावाचा चित्रपट नाही. त्याला तसा म्हणणे हे केवळ चुकीचे वाचन नाही, तर ते एका जुन्या आणि सोयीस्कर सवयीतून आलेले वाचन आहे. अत्याचार करणाऱ्याच्या छातीत एक दुखरे अंतःकरण असलेच पाहिजे, असा हट्ट ही सवय धरते. ते अंतःकरण एकदा सापडले, की मारल्या गेलेल्यांचे काय झाले हे विचारण्याची तिला गरज उरत नाही.

प्रथम थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्याशिवाय हा चित्रपट निव्वळ भुताची गोष्ट ठरेल. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ असे छत्तीस वर्षे यादवी युद्ध चालले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली दिलेल्या अहवालात ठार आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज दिला. ज्या बळींची ओळख पटली त्यांपैकी ८३ टक्के माया आदिवासी होते, आणि आयोगाने नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी लष्करावर व त्याच्या साहाय्यक दलांवर येत होती. या युद्धाचा सर्वांत भीषण काळ म्हणजे १९८० च्या दशकाचा आरंभ. मार्च १९८२ मध्ये बंड करून सत्तेवर आलेला जनरल एफ्राईन रिओस मोन्त ऑगस्ट १९८३ पर्यंत, म्हणजे जेमतेम सतरा महिने, राष्ट्रप्रमुख होता. तो धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता; रविवारी दूरचित्रवाणीवरून देशाला नीतीचे पाठ देत असे. याच महिन्यांत डोंगराळ प्रदेशातील इशील माया लोकांची गावे जाळली जात होती.

पुढे हाच मनुष्य संसदेचा अध्यक्ष झाला, २००३ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला आणि हरला. लोकप्रतिनिधी म्हणून मिळालेले संरक्षण २०१२ च्या जानेवारीत संपले, तेव्हा कुठे त्याला न्यायालयात आणता आले. १,७७१ इशील लोकांच्या हत्येच्या प्रकरणात, १० मे २०१३ रोजी, न्यायाधीश यास्मीन बारियोस यांच्या न्यायालयाने त्याला वंशसंहार व मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी ८० वर्षांची शिक्षा ठोठावली. आपल्याच देशाच्या न्यायालयात माजी राष्ट्रप्रमुख वंशसंहाराचा दोषी ठरण्याची ही जगातली एक विरळा घटना होती. अवघ्या दहा दिवसांनी, २० मे रोजी, घटनात्मक न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो निकाल रद्द केला. १ एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, रिओस मोन्त मरण पावला तो कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेला नागरिक म्हणून.

बुस्तामांतेचा एन्रिके मोन्तेवेर्दे हा उघडउघड याच सावलीत उभा आहे. चित्रपटातही त्याला शिक्षा होते आणि मग ती रद्द होते. त्यानंतर तो आपल्या बंगल्यात परततो आणि बंगल्याला निदर्शकांचा वेढा पडतो. त्यांच्या हातांत बेपत्ता माणसांची छायाचित्रे आहेत, घोषणा रात्रंदिवस चालू आहेत. आत जनरल, त्याची पत्नी कार्मेन, डॉक्टर असलेली मुलगी नातालिया, नात सारा, एक अंगरक्षक आणि वालेरियाना ही जुनी मोलकरीण एवढेच लोक आहेत. बाकीचे आदिवासी नोकर रात्रीच्या रडण्याची हकिकत ऐकून केव्हाच निघून गेले आहेत. त्यांच्या जागी निदर्शकांच्या गर्दीतून वाट काढत एक तरुण मोलकरीण येते. तिचे नाव आल्मा. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ आत्मा. तिची दोन मुले मेलेली आहेत.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. या बंगल्यात जनरल नेमके काय करतो? रात्री रडणे ऐकू आले की तो पिस्तूल घेऊन उठतो. शत्रू घरात शिरला आहे असे त्याला वाटते. त्या भरात स्वतःच्या पत्नीवर गोळी झाडण्यापर्यंत त्याची मजल जाते. नव्या मोलकरणीच्या मागे तो अंधारात चोरपावलांनी फिरतो, आणि त्या फिरण्यात भीतीइतकीच जुनी वासनाही आहे. तरुण आदिवासी बायकांकडे याच नजरेने पाहणारा मनुष्य म्हणून त्याची पत्नी त्याला पुरती ओळखून आहे. न्यायालयात तो उभा राहतो तेव्हा आपण देश घडवत होतो, असा त्याचा आव असतो. संपूर्ण चित्रपटात तो एकदाही एखाद्या गावाचे नाव घेत नाही. एकदाही एखाद्या मेलेल्या माणसाविषयी बोलत नाही. त्याची झोप उडाली आहे, हे खरे. पण झोप चोराचीही उडते. पकडले जाण्याच्या धास्तीने उडते.

भय आणि पश्चात्ताप यांची गल्लत हाच आमच्या मते या साऱ्या गैरसमजाचा गाभा आहे. भयाचा विषय ‘मी’ असतो : माझे काय होणार, माझ्यावर कोण टपले आहे, माझ्या घरात कोण शिरले आहे. पश्चात्तापाचा विषय ‘तो’ किंवा ‘ती’ असते : मी तिचे काय केले. पश्चात्तापाला तीन गोष्टी लागतात. कृत्य त्याच्या खऱ्या नावाने उच्चारावे लागते; ज्याच्यावर ते केले त्याचा चेहरा आठवावा लागतो; आणि काहीतरी गमवायची, निदान मान खाली घालण्याची, तयारी असावी लागते. जनरल या तिन्ही कसोट्यांना उतरत नाही. तरीही त्याच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहून आपण ‘अपराधगंड’ हा शब्द उच्चारतो, कारण वाङ्मयाच्या वर्गात आपल्याला घाम आणि निद्रानाश यांचा तेवढाच एक अर्थ शिकवला गेला आहे. तो अर्थ शिकवणारे आम्हीच आहोत. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४), म्हणजे ‘मॅकबेथ’चे मराठी रूप, शिकवताना अपराधी मनाच्या चित्रणावरचा तो ठरावीक प्रश्न आम्ही किती परीक्षांत घातला असेल, याची मोजदाद नाही.

आणि गंमत अशी की, ज्या मॅकबेथचा दाखला आमच्या सहकाऱ्यांनी दिला, तोच नीट वाचला तर आमच्या बाजूने साक्ष देतो. मॅकबेथला भूत दिसते ते बँकोचे : बरोबरीच्या सरदाराचे, जुन्या साथीदाराचे. त्याचे हात रक्ताने माखलेले वाटतात ते डंकनच्या, म्हणजे राजाच्या, रक्ताने. पण मॅकडफची बायको आणि मुले यांची कत्तल त्याने करवली, त्यानंतर त्याला कुणाचे भूत दिसते? कुणाचेही नाही. त्या बाईची आठवण नाटकात कुणाला होते? लेडी मॅकबेथला. झोपेत चालणारी ती स्त्री फाइफच्या सरदाराच्या बायकोविषयी विचारते. नवऱ्याने जे विसरून टाकले ते बायकोच्या झोपेत उगवते. शिवाय शेक्सपिअरने आणखी एक गोष्ट केली आहे, जिच्याकडे वर्गात आमचे हमखास दुर्लक्ष होते. मॅकडफचा लहान मुलगा त्याने रंगमंचावर आणला, आईशी त्याला चुरचुरीत बोलू दिले, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत मारला. मारणाऱ्याचे मन दाखवण्याचा अधिकार त्याने मरणाऱ्याचा आवाज ऐकवून कमावला. मॅकबेथचे नाव घेऊन पुढे जे शेकडो ‘व्यथित सत्ताधीश’ निर्माण झाले, त्यांच्या निर्मात्यांनी नेमका हाच प्रवेश गाळला.

त्याची उदाहरणे देणे प्राप्त आहे. वॉटरगेट प्रकरणानंतर ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिलेल्या रिचर्ड निक्सनवर अमेरिकेत जे चित्रपट निघाले, त्यांतील दोन आम्ही अलीकडे पुन्हा पाहिले. रॉबर्ट ऑल्टमनचा ‘सीक्रेट ऑनर’ (१९८४) हा एकपात्री आहे. फिलिप बेकर हॉल या नटाने रंगवलेला निक्सन रात्री अभ्यासिकेत एकटाच आहे. समोर ध्वनिमुद्रण यंत्र, मद्याची बाटली, पिस्तूल आणि त्याचीच छबी दाखवणारे पडदे. एका काल्पनिक न्यायाधीशापुढे तो स्वतःचा खटला स्वतःच चालवतो. अभिनय थक्क करणारा आहे, यात वाद नाही. पण एकपात्री या प्रकाराची एक अट असते, ती अशी की दुसऱ्या कुणाला तोंड नसते. ज्या कंबोडियावर १९६९ पासून गुप्तपणे बाँब टाकले गेले, तेथील शेतकऱ्याला त्या खोलीत प्रवेश असूच शकत नाही. फिर्यादी, आरोपी, वकील आणि साक्षीदार अशा चारही जागा निक्सननेच अडवल्या आहेत. या खटल्यात त्याला जास्तीत जास्त काय होईल? तो आपल्याला रंजक वाटेल.

दुसरा चित्रपट रॉन हॉवर्डचा ‘फ्रॉस्ट/निक्सन’ (२००८). १९७७ साली डेव्हिड फ्रॉस्टने घेतलेल्या मुलाखतींवर तो बेतलेला आहे. त्यात कंबोडियाचा विषय निघतो आणि निक्सन तो सहज टोलवून लावतो. त्याचा चेहरा कोसळतो तो वॉटरगेटवर, आपल्याच देशबांधवांना आपण निराश केले या जाणिवेवर. त्या कोसळलेल्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले दृश्य हाच चित्रपटाचा कळस आहे. जे न्यायालयाला करता आले नाही (कारण सप्टेंबर १९७४ मध्येच नव्या राष्ट्राध्यक्षाने माफी देऊन टाकली होती) ते एका चेहऱ्याने केले, असे सांगून चित्रपट आपल्याला घरी पाठवतो. आम्हांला हा व्यवहार मान्य नाही. चेहरा ही शिक्षा नव्हे. आणि ज्यांची गावे उद्ध्वस्त झाली त्यांच्या वतीने तो चेहरा पाहून समाधान मानण्याचा अधिकार प्रेक्षकांना कुणी दिला?

येथे कुणी म्हणेल की, चित्रपटातल्या मनोव्यापारांवर एवढे कशाला तापायचे? याचे कारण असे की, हेच मन न्यायालयांतही सुटकेचे साधन म्हणून वापरले गेले आहे. चिलीचा हुकूमशहा पिनोशे याला ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनमध्ये अटक झाली. मार्च २००० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्याला मायदेशी जाऊ देण्यात आले. सांतियागोच्या विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून उठून तो स्वागताला आलेल्यांच्या दिशेने चालत गेला, हे साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढे २००२ मध्ये चिलीच्याच सर्वोच्च न्यायालयाने स्मृतिभ्रंशाचे कारण देऊन एका गाजलेल्या प्रकरणातून त्याला मोकळे केले. इंडोनेशियाच्या सुहार्तोवरील भ्रष्टाचाराचा खटला २००० मध्ये आजारपणामुळेच गुंडाळला गेला. आणि खुद्द रिओस मोन्त? २०१५ मध्ये वैद्यकीय तपासणीत तो मनाने खटल्यास अपात्र ठरला. खटला चालवायचा, पण बंद दाराआड, त्याच्या अनुपस्थितीत आणि शिक्षा न देण्याच्या अटीवर, असा तोडगा न्यायालयाने काढला. या म्हाताऱ्यांपैकी कोण खरा आजारी होता आणि कोण नव्हता, हा वैद्यकाचा प्रश्न आहे. आम्ही त्यात पडत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, ज्यांनी हजारोंचे जीव घेतले त्यांच्या मनाची अवस्था हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे, हे एकदा मान्य केले की साक्षीदारांची रांग आपोआप दाराबाहेर जाते.

बुस्तामांतेला हे ठाऊक आहे, म्हणूनच त्याच्या चित्रपटात जनरलच्या घरचे लोक त्या रात्रीच्या भासांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजतात. घराने शोधलेला तो सभ्य शब्द आहे. पण चित्रपट तो स्वीकारत नाही. रडणे जनरलच्या डोक्यात नाही. ते घरात आहे. नोकरांना त्याचा अर्थ कळतो, म्हणून ते निघून जातात. पोहण्याच्या तलावात बेडूक येतात. ते काही कुणा एकाच्या मनाचे खेळ नव्हेत. मानसशास्त्रीय चित्रपटात भूत हे मनाचे प्रतीक असते. येथे उलट आहे : मनाचे निदान हाच बहाणा आहे, आणि भूत ही वस्तुस्थिती आहे. दोन लाख माणसे नाहीशी झाली, ही गोष्ट कुणाच्या मनोविकाराचे लक्षण नाही. ती घडली आहे.

मग या चित्रपटात अपराधाची जाणीव कुणालाच होत नाही का? होते. ती कार्मेनला होते, आणि आमच्या मते चित्रपटाचे खरे नाट्य तेथेच आहे. आरंभीच्या दृश्यात ही बाई आपल्या वर्गातील इतर स्त्रियांसमवेत नवऱ्याच्या रक्षणासाठी प्रार्थना करताना दिसते. साक्ष देणाऱ्या आदिवासी बायकांना ती चारित्र्यहीन ठरवून मोकळी होते. मुलगी प्रश्न विचारू लागली की ती विषय बदलते. नातालियाच्या मुलीचा बाप कुठे नाहीसा झाला, हाही त्या घरात न विचारला जाणारा प्रश्नच आहे. अशा या बाईला स्वप्ने पडू लागतात. स्वप्नात ती स्वतःच माया स्त्री असते. दोन मुलांना घेऊन मक्याच्या शेतातून सैनिकांपासून जीव वाचवत पळत असते. तिला पापाबद्दल वाईट वाटते, असे दिग्दर्शक दाखवत नाही. तिला त्या बाईच्या जागी नेऊन उभे करतो. अखेरीस, वालेरियानाने आरंभलेल्या विधीच्या वेळी, ते स्वप्न पूर्ण होते : नदीकाठी मुले बुडवली जातात, हुकूम देणारा अधिकारी तिचाच नवरा असतो, आणि इकडे बंगल्यात तिचे हात नवऱ्याच्या गळ्याभोवती आवळत जातात.

लेडी मॅकबेथला जे झोपेत आठवले ते कार्मेनला झोपेत जगावे लागले. फरक मात्र मोठा आहे. लेडी मॅकबेथ स्वतः कटात होती. कार्मेनने कुणाला मारले नव्हते; ती फक्त जाणत होती आणि त्या जाणण्यावर तिचे घर, तिचे दागिने, तिची प्रार्थना उभी होती. म्हणजे चित्रपटाचा रोख करणाऱ्यापेक्षा जाणणाऱ्यावर अधिक आहे. करणाऱ्याला पाझर फुटेल ही आशा त्याने सोडून दिली आहे. तो विचारतो आहे ते त्याच्या शेजारी झोपणाऱ्यांना. ‘अपराधी जनरल’ असे वाचन आपण इतक्या तत्परतेने का स्वीकारतो, याचे उत्तर कदाचित येथे मिळेल. जनरल होण्याची वेळ आपल्यापैकी फारशा कुणावर येत नाही. कार्मेन होण्याची येते.

चित्रपटाच्या नावातही हाच न्याय आहे. ला योरोना म्हणजे रडणारी. लॅटिन अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ही दंतकथा अशी : पुरुषाने टाकलेल्या एका स्त्रीने रागाच्या भरात आपली मुले नदीत बुडवली आणि तेव्हापासून ती पाण्याच्या काठाने रडत हिंडते. मुलांना भिववण्यासाठी ही गोष्ट सांगतात. आपल्याकडच्या हडळीच्या आणि जखिणीच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तिची घडण ओळखीची वाटेल : सोसते तीच, आणि भीतीही तिचीच. बुस्तामांतेने कथेतील पाणी, मुले आणि रडणे तसेच ठेवले. फक्त बुडवणारे हात बदलले. आईच्या माथ्यावर मारलेला अपराध त्याने काढून घेतला आणि ज्याचा होता त्याच्या दारात नेऊन ठेवला. अपराधाच्या मालकीची ही फेरनोंद आहे. जनरलला तो अपराध ‘वाटतो’ की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही. सातबारा मालकाच्या भावनांवर ठरत नाही.

आणि एक दृश्य. न्यायालयात एक वृद्ध माया स्त्री साक्ष देते. तिच्या चेहऱ्यावर वस्त्र आहे. कॅमेरा प्रथम तिच्या अगदी जवळ आहे आणि ती बोलत असताना अत्यंत सावकाश मागे सरकत जातो : मग दुभाषी दिसते, मग न्यायालय, मग माणसांनी भरलेले दालन. ती आपल्या भाषेत बोलते, आणि देशाच्या राजभाषेला तिची वाट पाहावी लागते. चेहरा झाकण्यामागे वास्तव आहे. २०१६ साली सेपूर सार्को खटल्यात लष्करी तळावर गुलामासारख्या राबवल्या गेलेल्या माया स्त्रियांनी अशीच वस्त्रे ओढून साक्षी दिल्या होत्या आणि दोन माजी लष्करी माणसांना शिक्षा मिळवून दिली होती. चित्रपटातील श्रोत्यांमध्ये रिगोबेर्ता मेन्चू बसलेल्या दिसतात, स्वतःच्याच भूमिकेत. १९९२ च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी असलेल्या या स्त्रीचे वडील १९८० मध्ये स्पॅनिश वकिलातीला लागलेल्या आगीत मृत्युमुखी पडले. तिने १९९९ मध्ये स्पेनच्या न्यायालयात रिओस मोन्तविरुद्ध तक्रार नेली होती. ‘फ्रॉस्ट/निक्सन’चा कॅमेरा आरोपीच्या चेहऱ्याजवळ जाऊन न्याय झाल्याचे जाहीर करतो. ‘ला योरोना’चा कॅमेरा साक्षीदाराच्या झाकलेल्या चेहऱ्यापासून मागे सरकत आपल्यालाही त्या दालनात ओढून घेतो. या दोन हालचालींत राजकारणाचा संपूर्ण फरक आहे.

आमच्या विरोधात दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, दुष्टातही माणूस शोधणे हे वाङ्मयाचे कामच आहे. ते नाकारणे म्हणजे कलेला आरोपपत्र बनवणे. आम्ही ते नाकारत नाही. मोन्तेवेर्दे हा राक्षस नाहीच. तो दम लागणारा, नातीवर जीव असणारा, हेकट म्हातारा आहे. पण माणूस असणे आणि पश्चात्तापदग्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस हा पश्चात्तापावाचून सुखाने जेवू शकणारा प्राणी आहे, हेच तर त्याच्याविषयीचे कठीण सत्य आहे, आणि कलेने ते टाळू नये.

दुसरा आक्षेप असा की, न्यायालय जे करू शकले नाही ते भुताकडून करवून घेणे ही तरी चेहऱ्याच्या कळसापेक्षा काय वेगळी पळवाट? यावर आमचे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही, हे कबूल करतो. आल्मा फार थोडे बोलते आणि कधीकधी ती व्यक्ती न राहता केवळ सूडाचे निमित्त होते. शेवटी, जनरलच्या अंत्यविधीच्या वेळी, दुसऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याला तेच रडणे ऐकू येते, हा प्रकारही आम्हांला जरा बाजारू वाटला. तरीही एक भेद आहे. निक्सनचा चेहरा प्रकरण मिटवतो. हे रडणे प्रकरण उघडे ठेवते. आणि ते उघडेच आहे : सप्टेंबर २०१८ मध्ये ग्वाटेमालाच्या न्यायालयाने इशील लोकांचा वंशसंहार झाला हे मान्य केले, पण समोर उभ्या असलेल्या एकमेव आरोपीला, तत्कालीन लष्करी गुप्तवार्ता प्रमुखाला, निर्दोष सोडले. गुन्हा आहे, गुन्हेगार नाही. अशा निकालानंतर रडणे थांबावे तरी कसे?

मराठी वाचकाला हे सारे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) नारायणरावाच्या खुनानंतर राघोबा किती तळमळला यापेक्षा रामशास्त्र्यांनी त्याला भर दरबारात काय विचारले, हे आपल्या परंपरेने अधिक जपले. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील (१९७२) नाना तर एका क्षणासाठीही ओशाळत नाही, घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो आणि नगरीला उत्सवाची आज्ञा देतो. नानाच्या मनात खोल कुठेतरी खंत असेल, असे त्या नाटकाबद्दल कुणी म्हटले तर आपण हसू. मग परदेशी चित्रपटासमोर बसल्यावरच आपल्याला ती खंत का हवीशी होते? दूरच्या हुकूमशहाला अंतःकरण बहाल करणे स्वस्त पडते, म्हणून की काय?

पुढील वर्षी आम्ही प्रश्नपत्रिका काढू तेव्हा ‘अपराधी मनाचे चित्रण’ हा प्रश्न तिच्यात नसेल. त्याऐवजी असा काहीसा असेल : मॅकडफच्या मुलाचा प्रवेश गाळला, तर नाटकात काय उरते? आणि त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर असे : तुझे बरोबर होते. जनरल रडत नाही. तो रडेल म्हणून वाट पाहणे आपण सोडून द्यावे, आणि जी रडते आहे तिचे नाव, गाव आणि साक्ष लिहून घ्यावी.